पाठीला काही लावलंय का?

मोटरसायकलवर मागे बसलेल्या माणसाला डोकंच नव्हतं!

आता तुम्हीच सांगा, भर बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाला, बापाच्या दुकानात बसलेलं असताना असं काही समोर येऊन थांबलं, तर माणसानं काय करावं? मी ओरडले. चांगली बेंबीच्या देठापासून ओरडले. समोर भेंडी विकणाऱ्या मावशींनी हातातला तराजू खाली ठेवला.

गाडी चालवणाऱ्यानं मात्र शांतपणे हेल्मेट काढलं. आणि हसला.

"घाबरू नका मॅडम, तो जिता नाई."

"मग मेलेला घेऊन फिरता का गावात?"

तो आणखीच हसला. मागे सुती दोरीनं बांधलेला होता तो कपड्यांच्या दुकानातला पुतळा. नुसतं धड. त्याला काळा, अंगाला चिकटलेला सूट चढवला होता आणि छातीपासून मांड्यांपर्यंत जागोजागी वायरी लोंबत होत्या. अशी गोष्ट झाकून आणायची असते, एवढी साधी अक्कल या माणसाला नव्हती. आणि वर हसू! हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडत होती, हेही मी पाहिलं. पाहायचं नव्हतं, तरी पाहिलं.

मी पुष्पांजली. डोणगावातल्याच शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या बाबांचं, पंजाबरावांचं, चुना, गेरू, मोरचूद आणि घमेल्या-दोरांचं दुकान आहे. दिवाळी तोंडावर आली की चुन्याला गिऱ्हाईक वाढतं, नेमकं तेव्हाच शेतात सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, येतं, आणि बाबांना दोन ठिकाणी उभं राहता येत नाही. म्हणून शाळा भरेपर्यंत आणि शाळा सुटल्यावर दुकानात मी.

"चुना पाहिजे होता," तो म्हणाला. "बसस्टँडजवळचा गाळा घेतला. पांढरा करायचा हाय."

"कशाचं दुकान?"

"दुकान नाई. व्यायामाचं केंद्र. हा सूट हाय ना, विजेवर चालते. मी गजेंद्र. साखरखेर्ड्याचा."

विजेचा सूट! मी मुकाट्यानं पोतं दाखवलं.

"भिजवल्यावर उकळते का हा?" त्यानं विचारलं. "माहा आजा चुना भिजवे तर हौद कसा खदखदे."

"तो कळीचा चुना. त्यात पाणी पडलं की तो तापतो, फुलतो. हा आधीच विरलेला आहे, त्याची आग निघून गेली. पण म्हणून गरीब समजू नका. ओल्या अंगावर राहिला तर कातडी खातो. हातमोजे घाला आणि डोळ्यांना चष्मा लावा."

"आन भिंतीवर गेल्यावर?"

"भिंतीवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा दगड होतो. चुनखडीचा दगड भाजूनच चुना केलेला असतो ना."

"म्हंजे फिरून-फिरून आपल्या घरी वापस जाते," गजेंद्र म्हणाला.

विज्ञान असं बोलत नसतं, असं मी त्याला सुनावणार होते. पण वाक्य चांगलं होतं... मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. केसांत चुना, भुवयांवर चुना, आणि चेहऱ्यावर फसवला गेल्याचे भाव.

"मॅडम, तुमचा चुना बनावट हाय! दोन हात मारले, तरी भिंत दिसूनच राह्यली!"

बनावट! आमच्या तीस वर्षांच्या दुकानाला बनावट! राग आला की माझी शाळेतली भाषा गळून पडते.

"कवा मारला?"

"हे आत्ता."

"वाळला का?"

"...नाई."

"मंग? ओला चुना पांढरा दिसते का कुठं? वाळला का उजळते. जा, जेवून घ्या. दम धरा जरासा. सगळंच बटन दाबल्यासारखं नाई होत."

संध्याकाळी तो आला नाही. म्हणजे दुकानात आला नाही. रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि निघून गेला. भुवईवरचा चुना तसाच होता.

मी बराच वेळ एकाच गिऱ्हाइकाचा गेरू मोजत होते, असं ते गिऱ्हाईक म्हणालं.

पण मग त्याच्या दारावर फळा लागला! 'वीस मिनिटांत चार तासांचा व्यायाम. घाम न गाळता ताकद.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या गावातल्या बाया सकाळी सहाला विळा घेऊन निघतात, वाकून-वाकून सोयाबीन सोंगतात आणि दिवस बुडताना परत येतात. त्यांच्या डोळ्यांसमोर तुम्ही 'घाम न गाळता' असं लिहिता? लाज कशी वाटत नाही? मी वर्गात बोलले. चक्कीवर बोलले. दुकानात येईल त्याला सांगितलं, की करंटनं ताकद येत असती तर लाइनमनएवढा पैलवान अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडला नसता. ही गोष्ट लोकांना फार आवडली. तीन दिवसांत ती बसस्टँडवर पोचली, आणि चौथ्या दिवशी गजेंद्र दुकानात.

"लाइनमनची गोष्ट तुमचीच ना?"

"हो. का?"

"चांगली हाय. पन चुकीची हाय. एकदा येऊन पाहा. नाई पटलं, तर अजून एक गोष्ट जोडा."

मी माझ्या मैत्रिणीला, छायाला, सोबत घेऊन गेले. छायाचं शिलाईचं दुकान त्याच्या गाळ्याला लागूनच आहे. भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. मी त्या पाहिल्या नाहीत, असं दाखवलं.

गजेंद्रनं अख्खा सूट नाही काढला. त्यातली फक्त एक गादीसारखी पट्टी काढली, स्पंजनं ओली केली आणि माझ्या कोपराखाली बांधली. बांधताना त्याची बोटं माझ्या हाताला लागू नयेत म्हणून तो इतकी काळजी घेत होता, की ती दोनदा लागलीच.

"ओली काऊन केली, सांगतो..."

"कोरडी कातडी करंट आत येऊ देत नाही," मी म्हणाले. "पाण्यातल्या क्षारांमधून तो जातो. मला शिकवू नका."

"बरं. मंग हे बी माहीत असन, का आपला मेंदू हाताले जे सांगते, 'उचल', तो निरोप बी विजेचाच असते. लहानसा. हे मशीन मेंदूच्या जागी थोडा वेळ निरोप देते. बस. देऊ?"

"द्या."

मुंग्या आल्या. आधी थोड्या, मग जास्त. आणि माझं मनगट वर उठलं. बोटं आपोआप ताठ झाली. मी उचलली नव्हती! सव्वीस वर्षं माझं ऐकणारा माझा हात एका परक्या माणसानं बटण दाबताच उठून उभा राहिला. छाया तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसत होती.

"थांबवा!"

त्यानं तत्काळ थांबवलं. "दुखलं?"

"नाही."

"मंग?"

"आवडलं नाही मला."

हे खोटं होतं. पण एवढं सगळं खरं सांगायला मी काय बांधील होते?

पट्टी सोडता सोडता त्यानं आईबद्दल सांगितलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि पाय इतके दिवस पडून राहिला की मांडीचा स्नायू पार वाळून गेला. तिला उभं राहायचं असायचं, पण पाय ऐकायचाच नाही. अशाच मशीननं एका बाईंनी तो स्नायू हळूहळू जागा केला. "मशीननं नुसतं उठवलं. चालली ते सोताच. रोज, रडत-रडत, कुडाच्या भिंतीले धरून." त्या बाईंकडे पाहूनच गजेंद्र फिजिओथेरपी शिकला, पुण्यात एका जिममध्ये हे सूट वापरायला शिकला आणि परत आला.

माझा राग वितळायला लागला होता. खरंच सांगते. मी विचारलं, "मग चार तासांचा व्यायाम वीस मिनिटांत होतो, हे खरं आहे?"

"नाई."

"घाम न गाळता ताकद?"

"नाई. ते कंपनीनं सूटासोबत पाठवलेला फळा हाय."

"मग उतरवा."

तो पट्टी गुंडाळू लागला. मग म्हणाला, "उतरवला तर कोन येईन मॅडम? खऱ्याचा फळा कोन वाचते?"

झालं! ज्याला कळत नाही तो खोटं बोलला तर एक वेळ समजून घेता येतं. याला सगळं कळत होतं. आई कशानं चालली तेही ठाऊक होतं, आणि तरी यानं दारावर खोटं टांगलं होतं!

"तुमच्या आईले दाखवला का हा फळा?" मी विचारलं. त्याचा चेहरा उतरला. मी उत्तराची वाट न पाहता निघाले.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत जायला लांबचा रस्ता धरला. तो रस्ता नेमका त्याच्या गाळ्यावरूनच जातो, हे माझ्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. पण एकदा धरलेला रस्ता उगाच कशाला सोडायचा?

चौथ्या दिवशी परतीचा पाऊस आला. सोयाबीनच्या गंज्या उघड्यावर पडलेल्या, लोकांची ताडपत्र्यांसाठी धावपळ चाललेली, आणि मी छत्री विसरलेली. जवळचं छप्पर एकच होतं... त्याच्या गाळ्याचं. मी पत्र्याखाली रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मागून एक स्टूल हळूच सरकवलं गेलं. मी बसले नाही. पण सहज वर पाहिलं, तर फळ्यावरची पहिली ओळ चुना फासून पुसलेली होती.

"एकच पुसली?" मी पावसाला विचारलं.

"दुसरीसाठी हिंमत गोळा करून राह्यलो," मागून उत्तर आलं.

"करंट लावून घ्या. येईल हिंमत."

"करंटनं नाई येत. तुम्ही दिवसातून दोन खेपा इथून जाता, त्यानं थोडी-थोडी येते."

पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. कान मात्र तापले होते. थोड्या वेळानं मी स्टुलावर बसले. पाय दुखले होते म्हणून.

आणि मग बाबांची पाठ धरली.

भिजलेलं सोयाबीनचं पोतं उचलायला गेले आणि तिथेच वाकलेले राहिले. आमच्या घरी अशा वेळी दवाखाना दुसऱ्या नंबरावर असतो. पहिला नंबर आईचा. आईनं हळद आणि चुना कालवला, गरम केला, बाबांच्या कमरेवर थापला, वर रुईचं पान ठेवून फडकं बांधलं. दोन दिवस लेपावर लेप चढले. बाबा घरात कण्हत होते आणि दुकानात 'आता बरं हाय' म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी बाबा कोणालाही न सांगता गजेंद्रच्या गाळ्यात गेले. मला तर मुळीच सांगितलं नाही, कारण लाइनमनची गोष्ट माझीच होती. जाण्याआधी पान काढलं, फडकं काढलं, लेप हाताला आला तेवढा खरवडला, आणि वर सदरा घातला. धुतलं नाही!

गजेंद्रनं कागद घेऊन सगळं विचारलं. हृदयाचा त्रास? नाही. कुठलं ऑपरेशन? नाही. पाठीला काही लावलंय का? मलम, तेल, बाम?

"नाई," बाबा म्हणाले.

का म्हणाले? नंतर मी हे त्यांना किमान वीस वेळा विचारलं. उत्तर एकच. "औषध लावलं का, असं पुसलं त्यानं. हयद-चुना काय औषध असते का? ते तर घरचं हाय!"

सूटाच्या आत पांढरं सुती बनियन घालायचं असतं. गजेंद्रनं ते ओलं करून बाबांच्या हातात दिलं आणि स्वतः पडद्याबाहेर उभा राहिला. मोठ्या माणसाला कपडे बदलताना कसं पाहायचं, म्हणून! बनियन चढलं, वर ओला सूट चढला, अगदी हळू करंट सुरू झाला. इकडे कमरेवर उरलेला चुना त्या पाण्यानं पुन्हा जागा झाला, आणि पट्ट्यांनी तो कातडीला आवळून धरला. आग व्हायला लागली. बाबांनी काय करावं? बोलावं की नाही? ते दात आवळून गप्प. ताकद यायला लागली म्हणजे असंच होत असेल, असं त्यांना वाटलं. गजेंद्रनं दोनदा विचारलं, "काका, त्रास होते का?" दोन्ही वेळा काका म्हणाले, "चालू दे!"

आठ मिनिटांनी सूट उतरला, आणि बनियन मागून लालभडक.

नेमके तेव्हाच दारात शेषराव उभे होते. समोर त्यांची लिंबूसरबताची टपरी आहे आणि आवाज आहे भोंग्यासारखा. "रक्त!" ते ओरडले. "पंजाबरावले करंटनं फाडलं!" बाबांनी आपलं बनियन पाहिलं आणि घेरी येऊन बाकावर बसले.

मला शाळेत छायाचा फोन आला. कशी पोचले, ते आठवत नाही. गाळ्यासमोर चाळीसेक माणसं होती. दोघांनी मशीन उचललं होतं, एकानं गजेंद्रची कॉलर धरली होती. आणि सगळ्यांच्या तोंडी माझंच नाव! "मॅडमनं पयलेच सांगतलं होतं! लाइनमनचा धंदा हाय म्हनून! फोडा बे ते मशीन!"

माझ्या तोंडची गोष्ट त्यांच्या हातात दगड होऊन आली होती. आणि गजेंद्र... तो स्वतःसाठी एक शब्द बोलत नव्हता. एवढंच म्हणत होता, "मले काय करायचं ते करा, पन आधी काकाले पानी लावू द्या. पाठ धुऊ द्या त्याइची."

मी बनियन हातात घेतलं. ओलं होतं, लाल होतं, आणि त्याला वास होता तो आमच्या स्वयंपाकघराचा.

हळद!

रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस माणसं! यांतल्या एकेकाच्या कमरेवर, घोट्यावर, खांद्यावर बायकांनी आजवर हा लेप थापला असेल. पण लेप पाठीवर बसतो आणि तो कालवतात बायका, त्यामुळे त्याचा रंग कसा होतो, हे यांच्यापैकी एकानंही कधी पाहिलेलं नव्हतं!

"शेषरावकाका, लिंबू द्या."

"आता सरबत करतं का, बाई?"

"द्या म्हनते ना!"

त्यांनी दिलं. मी बनियन सगळ्यांसमोर वर धरलं आणि त्या लाल डागावर लिंबू पिळलं. जिथं रस पडला, तिथं लाल रंग गेला आणि पिवळाधमक झाला. मी दुसरी फोड पिळली. आणखी पिवळं. गर्दी पाहतच राहिली.

"रक्त पिवळं होते का? बोला ना आता! हयद हाय ही. चुना लागला का हयद लाल होते, लिंबू पडलं का वापस पिवळी होते. कुंकू बी असंच बनवत घरी. आपल्या मायले विचारलं असतं तरी समजलं असतं. पन नाई! आधी मशीन फोडा, मंग पाहू! आन बाबा, तुम्ही? लेप लावून आले, आन नाई म्हनता? आन तुम्ही!" मी गजेंद्रकडे वळले. "तुम्ही शिकलेले ना? तोंडाच्या शब्दावर भरवसा ठेवला? सदरा वर करून पाठ पाहाले काय झालं होतं?"

"चुकलं माह्यं," तो म्हणाला. कॉलर अजून त्या माणसाच्या हातातच होती. "पाहाले पाहिजे होती."

ना सबब, ना 'काकांनीच सांगितलं नाही'. मी त्या माणसाचा हात कॉलरवरून झटकला. आम्ही दोघांनी मिळून बाबांची पाठ धुतली. तो पाणी ओतत होता, मी पुसत होते. तळहाताएवढी जागा भाजल्यासारखी लाल झाली होती. एवढंच झालं होतं, पण त्याला ते एवढंच वाटत नव्हतं. तांब्या धरलेला त्याचा हात पाठीऐवजी जमिनीवर पाणी ओतत होता. मी तो एकदा धरला. पाणी सांडू नये म्हणून.

तुम्हाला वाटेल, मिटलं सगळं. कसलं मिटतंय! लिंबू पुढे उभ्या दहा जणांनी पाहिलं, 'रक्त' मात्र अख्ख्या गावानं ऐकलं. कोणी त्याची माफी मागितली नाही. आठ दिवस गाळ्याकडे कुत्रं फिरकलं नाही. माझी लाइनमनची गोष्ट मेहकरपर्यंत गेली, ती परत आणायला मी कुठल्या तोंडानं जाणार होते? त्यानं फळ्यावरची दुसरी ओळही पुसली, आणि तो पांढरा फळा पाहून लोक म्हणाले, 'पाहा, पळून जाऊन राह्यला.'

पहिल्याच दिवशी मी बाबांच्या मागे लागले होते. "चार लोकांत सांगा ना, की खोटं तुम्ही बोललात."

"पोरी, माही काई इज्जत हाय का नाई गावात?"

"आणि त्याची?"

बाबांनी कूस बदलली. आई दाराशी उभी राहून ऐकत होती. त्या संध्याकाळपासून ती बाबांच्या ताटात भाजी वाढायची विसरू लागली. आई कधी विसरत नाही.

नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत छायाचा फोन. "अवं, तो सामान बांधून राह्यला. पुण्याले चालला म्हनते."

मी तडक गेले. गाळा रिकामा दिसत होता. गजेंद्र मशीनच्या खोक्याला दोरी बांधत होता. मला पाहून उभा राहिला.

"मी येनारच होतो दुकानात. सांगाले."

"काय सांगायला? पळून जातो म्हणून?"

"इथं कोनी येत नाई, मॅडम. आन बरोबर हाय लोकाइचं. एका मानसाची पाठ माह्या हातून भाजली..."

"मग पुढच्या वेळी पाहून लावा! गावानं तुमच्यावर अन्याय केला, तर गावाशी भांडा ना. मी आहे भांडायला! आई रडत-रडत चालली म्हणता, आणि तुम्ही आठ दिवसांत बसून घेता? आणि हे बघा..." माझा श्वास पुरत नव्हता. "मी तुमच्याबद्दल जे बोलले ते अर्धं खरं होतं आणि अर्धं चूक होतं. चूक होतं त्याची मी माफी मागते. लोकांत मागीन. फळा पुसला तेव्हा मला किती... ते जाऊ द्या. मी रोज लांबच्या रस्त्यानं जाते, पाय दुखतात माझे! तुम्ही मला आवडता. भयंकर आवडता. आणि याचा मला इतका राग येतो, की काय सांगू! आता सरळ सांगा. राहाल का इथं? गावासाठी नाही, सूटासाठी नाही... माह्यासाठी?"

गजेंद्रच्या हातातून दोरी सुटली. तो माझ्याकडे पाहत होता, आणि मग माझ्या मागे. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

मी वळले. दारात बाबा उभे होते. शेजारी आई. कधीपासून, देव जाणे!

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण बाबा खाकरले आणि माझ्याकडे न पाहता आत आले.

"डाक्टर," ते म्हणाले, "शेषरावच्या टपरीवर उभा राहून सांगून आलो समद्याइले. खोटं म्या बोललो, पोराची गलती नाई, असं. तुह्या काकूनं मले आठ दिवस बिनभाजीचं जेवू घातलं, बाप्पा. आता कंबर अजून आखडेलच हाय. हिनं घासून-घासून धुऊन आणलं मले. पाह्यतं का?"

"पाह्यतो ना, काका," गजेंद्र कसाबसा म्हणाला. "पन... एक मिनिट. आधी मॅडमले उत्तर द्याचं हाय. नाईतर ह्या अजून चिडतीन."

"मंग दे ना बे," बाबा बाकावर बसत म्हणाले. "कोनी धरलं तुले?"

आईनं पदर तोंडाला लावला. गजेंद्र माझ्यासमोर आला. हसू नव्हतं, खळीही नव्हती. डोळे भरून आले होते.

"हाव," तो म्हणाला.

बस, नुसतं हो, एवढंच! मी घसा कोरडा करून, बापासमोर लाज सोडून, तेवढं मोठं भाषण केलं, आणि या माणसानं त्याला उत्तर दिलं एका शब्दाचं! मी चांगलं रागावून बघायला गेले त्याच्याकडे. पण मला हसू आलं, आणि मग ते काही केल्या थांबेना.